ओळखीची चाल

गेल्या वैशाखांत अंबड येथें एका लग्नास जाण्याचा योग आला. मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशीं मांडव होता, आणि वाजंत्र्यांनीं (आतां त्यांस बँडवाले म्हणतात) एका नव्या बोलपटांतील गीत वाजविण्यास आरंभ केला होता. माझ्या शेजारीं ऐंशीच्या घरांतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनीं मान डोलाविली, मांडीवर ठेका धरला आणि ते मला म्हणाले, "मास्तर, हें आमच्या लहानपणचें गाणें. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नांत हेंच वाजलें होतें." तें गीत फार तर तीन वर्षांपूर्वीचें. माझ्या नातवंडांनीं तें घरांत इतक्या वेळां लावलें आहे कीं, त्याचें सालच काय, महिनाहि मला पाठ झाला आहे. मास्तरकीची खोड जात नाहीं. मीं त्यांची चूक तेथल्या तेथें दुरुस्त केली. ते रागावले नाहींत. "असेल," ते म्हणाले, "पण मला तें येतें." आणि खरोखरच, वाजंत्र्यांच्या एक पाऊल पुढें राहून ते पुढचा भाग गुणगुणूं लागले. शब्द नव्हते, नुसती चाल.

परत येतांना एस. टी.च्या गाडींत मी त्याच गीताचा विचार करीत होतों. शब्द बाजूला सारून नुसते सूर मनांत फिरवून पाहिले, तेव्हां उलगडा झाला. ती गोंधळाची चाल होती. आमच्या भागांत लग्नानंतर देवीचा गोंधळ घालण्याची रीत आहे. संबळाच्या ठेक्यावर गोंधळी जें म्हणतात त्याचीच बांधणी नव्या संगीतकारानें उचलली होती, आणि तिच्यावर पुष्कळ वाद्यांचा साज चढविला होता. म्हणजे ते गृहस्थ गाण्याच्या बाबतींत चुकले होते आणि चालीच्या बाबतींत बरोबर होते. मला तारीख ठाऊक होती, एवढ्याचसाठीं मीं त्यांना सर्वस्वीं चूक ठरविलें होतें.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढें अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षें जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना कविता म्हणावयास शिकविणारा एक मास्तर आहें. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागें लागला तो आज आपणांपुढें ठेवतों. एखादें गाणें कानीं पडतांच 'हें आपलें, जुनें, घरचें' असें आंतून वाटतें, डोळ्यांत पाणीहि येतें. त्या वाटण्याला इतिहासाची साक्ष म्हणून कितपत मानावें? माझें मत असें होत चाललें आहे कीं, हा साक्षीदार प्रामाणिक असतो, पण त्याला साल विचारूं नये.

मराठींत चाल हा शब्द मोठा अर्थवाही आहे. चालण्याची ढब ती चाल, घराण्याची रूढि ती चाल, आणि गाण्याचे सूर तीहि चालच. जुन्या संगीत नाटकांचीं छापील पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना आठवेल कीं, पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापून त्यापुढें आधींच्या एखाद्या प्रसिद्ध पदाचे आरंभींचे शब्द दिलेले असत. वाचकाला स्वरलिपीची गरज नव्हती. ती जुनी चाल त्याला येतेच, हें गृहीत होतें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, 'सौभद्र' १८८२ सालीं आलें. अण्णासाहेब धारवाडकडचे, त्यांनीं कानडी पदांच्या चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, कीर्तनांतल्या साकी-दिंडी घेतल्या. पुढें १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें, तेव्हां गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेकडील ठुमरीच्या वळणाच्या चाली मराठी शब्दांना दिल्या आणि बालगंधर्वांच्या कंठांतून त्या महाराष्ट्रभर गेल्या. आज त्या पदांपैकीं एखादें लागलें कीं आमच्या वयाचीं माणसें 'अस्सल मराठी' म्हणून डोळे मिटून घेतात. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. शंभर वर्षें आपल्या घरांत राहिलेला पाहुणा पाहुणा राहत नाहीं. परंतु तो कोणत्या गांवाहून आला हें विसरलें कीं मग आपण त्याला मूळपुरुष समजूं लागतों, आणि घोटाळा तेथून सुरू होतो.

इतिहास लिहूं पाहणाऱ्याची खरी अडचण ही कीं, शब्दांना पोथी असते, चालीला नसते. भातखंडे आणि पलुसकर यांनीं स्वरलेखनाच्या पद्धति रूढ केल्या त्या विसाव्या शतकाच्या तोंडावर. हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या प्रथम भरल्या गेल्या त्या १९०२ सालीं कलकत्त्यास. त्यापूर्वीचें लोकांच्या तोंडचें गाणें कसें होतें याचा पुरावा म्हणजे माणसाचा कान, आणि कान तर माणसाबरोबर स्मशानांत जातो.

ओवीचेंच पाहा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रांतल्या स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा त्यांत उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे ज्ञानेश्वरांनीं ओवी हातीं घेतली त्याच्या दीडशें वर्षें आधींपासून ती उखळाजवळ नांदत होती. राजानें ती ऐकली, ग्रंथांत नोंदविली. पण त्या बाया कोणत्या सुरांत गात होत्या, हें आज त्या उल्लेखावरून कोणालाहि गाऊन दाखवितां येणार नाहीं.

आमच्या घरीं जातें होतें. आई पहाटे चारला उठून पायलीभर ज्वारी दळीत असे, आणि मी तिच्या मांडीवर डोकें ठेवून अर्धवट झोपेंत असें. पीठ पडण्याचा तो मऊ आवाज, कंदिलाचा उजेड, आणि आईचा गळा. ती मी नऊ वर्षांचा असतांना गेली. तिच्या ओव्यांचे शब्द माझ्या लक्षांत राहिले नाहींत. मामाचें नांव येई, पंढरीचें येई, एवढेंच आठवतें. पण चाल मात्र मला जशीच्या तशी येते असें मी जन्मभर समजत आलों. पुढें शाळेंत ओवीच्या छंदांतली कविता पाठ्यपुस्तकांत आली कीं ती मी त्याच चालीवर शिकवीत असें, आणि वर्गाला अभिमानानें सांगत असें, "मुलांनो, ही माझ्या आईची चाल, तिच्या आईची, तिच्या आजीची, कदाचित् सोमेश्वर राजानें ऐकली ती हीच!" छत्तीस वर्षांत शेंकडों मुलें ती चाल माझ्याकडून घेऊन गेलीं. या गोष्टीकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

आमच्या जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. जन्म १६०८ चा. गणपतीची जी आरती मराठी घरांत मूल बोलूं लागण्याच्या आधीं ऐकतें, ती समर्थांच्या नांवावर चालत आलेली आहे. या आरतीसारखें ओळखीचें गीत मराठींत दुसरें नसेल. भाद्रपदांत परदेशीं राहणारीं आमच्या गांवचीं मुलें दूरध्वनीवर आईबापांबरोबर ती म्हणतात, आणि मधेंच एखाद्याचा आवाज बसतो. पण जरा बारकाईनें पाहा. गणपतीची, शंकराची, देवीची, विठोबाची, अशा निरनिराळ्या आरत्या आपण एकाच चालीवर म्हणतों. एक आली कीं बाकीच्या निम्म्या येतातच. शब्द अडखळले तरी टाळ्या अडखळत नाहींत. ही चाल समर्थांची काय? सांगवत नाहीं. शब्द तीनशें वर्षांचे असोत, सूर कोणत्या शतकाचे हें कोण सांगणार? माझ्या लहानपणीं आमच्या गल्लींत तीन घरीं त्या आरतीचीं तीन वळणें होतीं; एका घरीं शेवटचा शब्द लांबवीत, दुसऱ्या घरीं तोच तोडीत, आणि जो तो आपलेंच वळण परंपरेचें म्हणून भांडे. पुढें तबकड्या आल्या, मग कॅसेटी आल्या, आणि सर्व मंडपांत एकच वळण झालें. आजच्या मुलाला तेंच समर्थांच्या काळचें वाटतें. त्या तीन घरांपैकीं दोन वळणें आतां कोणाच्या तोंडीं नाहींत.

नवें गीत जुनें म्हणून खपून गेल्याचें सर्वांत मोठें उदाहरण बोलपटांतलें आहे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं निघाला. दामले-फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेंत, केशवराव भोळे यांचें संगीत. मुंबईस एकाच चित्रपटगृहांत तो एक वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांत बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचें एक पद आहे. तें आपण सर्वांनीं ऐकलें आहे आणि बहुतेकांनीं तें तुकोबांचेंच मानलें आहे. तें पद शांताराम आठवले यांनीं त्या बोलपटासाठीं नव्यानें लिहिलें. जाणत्या माणसांनींसुद्धां तें गाथेंत शोधलें आणि सांपडेना म्हणून नवल केलें, असें सांगतात. माझी स्वतःची गोष्ट अशी कीं, नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं एका वारकऱ्याच्या पुण्यतिथीस मीं तें 'तुकोबांचा अभंग' म्हणून म्हटलें. कीर्तनकारबुवांनीं नुसतें स्मित केलें. खरी हकीकत मला पुढें दहा वर्षांनीं समजली. तें स्मित मला अजून टोंचतें.

आठवले यांनीं फसवणूक केली काय? मुळींच नाहीं, आपलें नांव त्यांनीं लपविलें नव्हतें. अभंगाचा छंद, टाळ-मृदंगाचा ठेका आणि संतवाणीला साजेसा दृष्टान्त, एवढ्या तीन ओळखीच्या वस्तु एकत्र आल्या. चौथी म्हणजे पागनिसांचा चेहरा. मग कानानें सालाची चौकशीच केली नाहीं.

याच सुमारास भावगीत जन्मास आलें. त्याच्या जन्माचें एक स्थान आमच्या कुशींतच आहे. मंठ्याहून लोणार ओलांडून पलीकडे गेलें कीं मेहकर लागतें. तेथें वकिली करणारे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरकडचे गायक गोविंदराव, म्हणजेच जी. एन. जोशी, यांनीं १९३२ च्या सुमारास तबकडींत गाइली, आणि त्या एका तबकडीनें मराठी कवितेला घरोघर नेलें. तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेंच मावत. नाटकांतलें पद रात्र रात्र रंगविलें जाई, 'वन्स मोअर' घेई. येथें मात्र जें काय म्हणावयाचें तें तीन मिनिटांत. मला वाटतें, भावगीताची हुरहूर पुष्कळशी या तीन मिनिटांतच आहे. ओढ लागावी आणि गाणें संपावें. मग पुन्हां चावी द्यावी, सुई बदलावी आणि पुन्हां लावावें. अशा रीतीनें तेच सूर, तोच श्वास, तोच खोकलासुद्धां शंभर वेळां ऐकणारी माणसाची ती पहिलीच पिढी. त्यापूर्वीं तेंच गाणें दोनदां जसेंच्या तसें कधीं कोणीं ऐकलें नव्हतें.

हें सर्व वऱ्हाडांत, पुण्यांत, मुंबईस चाललें असतां आम्ही जालन्याचे लोक निजामाच्या राज्यांत होतों. सरकारी भाषा उर्दू, विद्यापीठाचें शिक्षण उर्दू. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजांत आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. त्यांनीं ती मानली नाहीं, आणि शेंकडों मुलांना बाहेर काढण्यांत आलें. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. एका गीतासाठीं घर सोडून परमुलखांत गेलेलीं तीं मुलें. त्या गीतालाहि एक चाल कधींच नव्हती. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं समुदायाला म्हणतां यावी अशी निराळी चाल बांधून ती राष्ट्रगीत व्हावी म्हणून दिल्लीपर्यंत खटपट केली. मला मात्र आकाशवाणीवर पहाटे लागे तीच चाल खरी वाटते. ती ऐकतांच शाळेच्या पटांगणाचा ओला वास येतो. त्या वसतिगृहांतल्या मुलांना माझी ही चाल कदाचित् परकी वाटली असती.

नभोवाणीचें वळण येथें आलेंच. निजाम सरकारचें हैदराबादचें केंद्र होतें. तें १ एप्रिल १९५० रोजीं आकाशवाणींत विलीन झालें. पुण्याचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें, आणि तेथून १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' सुरू झालें. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें गीतें छप्पन्न झालीं. दर आठवड्यास एक. जालना त्या वेळीं अजून हैदराबाद राज्यांतच होतें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ चा. तरीहि ज्यांच्या घरीं यंत्र होतें त्यांच्या ओसरीवर गल्ली गोळा होई. माझ्या सासऱ्यांची एक वही माझ्यापाशीं आहे. तींत तीं गीतें शाईनें उतरून घेतलेलीं आहेत, आणि कित्येक ठिकाणीं रिकाम्या जागा आहेत. वर्तमानपत्रांत पुढें शब्द छापून येत. परंतु सासऱ्यांचा हट्ट असा कीं, ऐकूं आलें तेवढेंच लिहावयाचें. मी जन्मलों त्याच्या चार वर्षें आधींचा हा सर्व प्रकार. पण तीं गीतें लागलीं कीं मलाहि ती ओसरी आठवते, जी मीं कधीं पाहिलीच नाहीं.

दुसऱ्याच्या आठवणी अशा आपल्या अंगांत शिरतात याचें याहूनहि नवल वाटावें असें उदाहरण सिलोनचें. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचा कैवार. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना त्यांनीं आळा घातला. परिणाम असा झाला कीं, लोकांनीं आपलीं यंत्रें सिलोनकडे फिरविलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' तेथून सुरू झाली. शेवटीं १९५७ च्या ऑक्टोबरांत आकाशवाणीलाहि 'विविध भारती' काढावी लागली. सरकारनें आवड घडवावी कीं आवडीनें सरकार, हा वाद मोठा आहे. मी त्यांत शिरत नाहीं. मला सांगावयाचें तें एवढेंच कीं, सिलोनवर सकाळीं जुन्या बोलपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम असे आणि त्याचा शेवट सैगल यांच्या गाण्यानें होई. सैगल १९४७ सालीं वारले. मी १९५९ चा. तरी सैगल यांचा आवाज ऐकला कीं मला दप्तर, तेल लावलेले केस आणि आठच्या ठोक्याला शाळेकडे लागणारी धांव आठवते. गाण्यांतलें दुःख त्यांचें. माझी हळहळ निराळीच. तिचा त्या गाण्याशीं संबंध काय? त्या वेळीं तें लागत असे, एवढाच.

मराठवाड्यांतल्या आणखी एका प्रवाहाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. चौदा एप्रिलला आमच्या गांवोगांवीं जीं भीमगीतें होतात, त्यांतल्या पुष्कळांच्या चाली लोकगीतांच्या किंवा गाजलेल्या बोलपटांच्या असतात. यावरून नाकें मुरडणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना मी किर्लोस्करांचें पुस्तक उघडून दाखवितों. वामनदादा कर्डक यांच्यासारखा कवि, ज्याची आयुष्याचीं कैक वर्षें गांवोगांव गात फिरण्यांत गेलीं, त्याला ठाऊक होतें कीं, दिवसभर राबून आलेल्या माणसाला एका बैठकींत नवा विचार द्यावयाचा, तर सूर तरी त्याच्या ओळखीचा हवा. शाकुंतलाच्या पदाला जी सवलत, ती भीमगीताला कां नसावी?

आतां जात्याकडे येतों. आमच्या गांवीं पिठाची गिरणी आली आणि पहाटेची घरघर थांबली. बायांचे हात सुटले ही फार चांगली गोष्ट झाली. ज्यांनीं दळलें नाहीं त्यांनींच जात्याबद्दल हळहळावें. पण ओवीला बसावयास जागा उरली नाहीं. साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवन' या ग्रंथांत ओव्या गोळा केल्या होत्या, त्या शब्दांपुरत्या. पुढें पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनीं खेड्यापाड्यांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; शेंकडों गांवच्या बाया त्यांत आहेत, आणि पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालेलें आहे. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संस्थेनें त्या आतां सर्वांना ऐकावयास खुल्या केल्या आहेत. मीं रात्री जागून त्या ऐकल्या. आईची चाल कोठें सांपडते का, हें पाहत होतों. सांपडली नाहीं.

अंबडच्या लग्नानंतर मनांत आलें, आईची धाकटी बहीण अजून आहे. गोदाकांठच्या एका खेड्यांत माझी मावशी राहते; वय नव्वदीचें, कान शाबूत, दांत नाहींत. दोघी बहिणी मुलीपणीं एका जात्याला दोन बाजूंनीं बसत. मी नातीला बरोबर घेऊन गेलों. तिच्यापाशीं मोबाइल होता. मावशीला म्हणालों, "मावशी, आईची एखादी ओवी म्हणून दाखव." ती म्हणाली, "हातात खुटा नसल्यावर वोवी कशी व्हटावर यील?" जातें अंगणांत तुळशीपाशीं पडलें होतें, खुंटा केव्हांच गेला होता. तिच्या नातवानें बाभळीची एक काठी ठोकून बसविली. मावशी खालीं बसली, काठी धरली, पण म्हणेना. तिला धीर यावा म्हणून मींच सुरुवात केली. माझी ती चाल, छत्तीस वर्षें वर्गांत म्हटलेली, डोळे मिटून म्हटली.

मावशी हंसूं लागली. "आरं, ही आक्काची चाल न्हाई. ही रेडूवरली हाय."

मग तिनें म्हटलें. तीनचार सुरांच्या आंत फिरणारी, सपाट, जातें वळेल तशी ओढली जाणारी आणि श्वास संपेल तेथें तुटणारी ती चाल होती. मीं तिच्याकडून ती तीनदां म्हणवून घेतली. मला वाटत होतें, आतां आंत कांहीं तरी हलेल. कांहींएक हललें नाहीं. मी कधीं न ऐकलेलें गाणें ऐकत होतों.

घरीं आल्यावर नातीनें माझ्या चालीचा शोध पांच मिनिटांत लावला. बहिणाबाई चौधरी यांच्या कविता, त्या वारल्यानंतर १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १९६१ च्या 'मानिनी' या बोलपटांत घेतलेल्या आहेत. चाली वसंत पवार यांच्या. त्यांतलीच एक. आमच्या शेजारच्या ओसरीवर रेडिओ होता. तो सकाळीं मोठ्यानें लावीत. बहिणाबाईंची रचना ओवीच्याच वळणाची, म्हणून आईचे शब्द तिच्यांत नीट बसले असावेत, आणि आई गेल्यावर केव्हां तरी, मला न कळत, दोहोंचा सांधा जुळला असावा. छत्तीस वर्षें मीं मुलांना वसंत पवार यांची चाल सोमेश्वर राजाची म्हणून शिकविली! चाल उत्तम आहे. तिच्याविषयीं माझी कांहींच तक्रार नाहीं. परंतु मला भेटावयास येणारे माझे विद्यार्थी अजून म्हणतात, "गुरुजी, तुमच्या आईची ती चाल आमच्या लेकरांनाहि येते." त्यांपैकीं दोघांना मीं खरें काय तें सांगितलें. तिसऱ्याला सांगवलें नाहीं.

मावशीचें तें म्हणणें नातीनें माझ्या मोबाइलवर घालून दिलें आहे. गेले चार महिने मी तें रोज पहाटे ऐकतों. मला अजून तें ओळखीचें वाटत नाहीं. परवां सूनबाई चहाचें आधण ठेवतांना तेंच गुणगुणत होत्या. त्या लोणारकडच्या. मला पाहून म्हणाल्या, "मामा, ही चाल कुठें तरी ऐकलेली वाटते हो." कोठें आणि केव्हां, तें मीं विचारलें नाहीं.